दिग्या, तुझा प्रोग्रॅम बंद होत नाही

दिग्या, परवा दुपारी एक वाजता तुझ्या मशीनचा अख्खा पडदा नारिंगी झाला. मी माझ्या टेबलाशी, तुझी खुर्ची रिकामी, आणि पडद्यावर हाताएवढ्या अक्षरांत आलं, "जेवण झालं का?" माझ्या हातातला पेन खाली पडला. मग डोक्यात प्रकाश पडला. आबा! घोडपदेवला घरी बसून तुझ्या आबांनी त्यांचं बटण दाबलंय. तुला विचारतायत. आणि तुला जाऊन आठवडाही झालेला नाही.

मशीन मीच चालू केलं होतं. काय करणार? शीव कोळीवाड्याच्या मासळीवाल्यांचं काम अर्धवट पडलेलं, त्याचा कोड तुझ्याकडे, आणि त्यांचे फोनवर फोन. "ताई, लय वाईट झालं हो," म्हणायचे, जरा थांबायचे, आणि मग "पण आमचं ते बिलाचं..." चिडू तरी कुणावर? म्हटलं, चालू करू, फायली काढून घेऊ, आणि बंद करू. तुझा तो घरचा प्रोग्रॅम मशीनबरोबर आपोआप सुरू होतो, हे माझ्या पार डोक्यातून गेलं होतं. मी उत्तर दिलं नाही. काय देणार होते? पडदा नारिंगी तो नारिंगीच राहिला. कुणीतरी कळ दाबेपर्यंत तो तसाच राहावा अशी सोय तूच करून ठेवली आहेस.

मला अजून पटत नाहीये रे. त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला, "मीने, जरा उशीर होईल, कुलूप तू उघड." एवढंच. माणसाने शेवटचं बोलताना जरा नीट बोलावं की नाही! कुलूप उघड काय! मी दादरला पोचले, कुलूप उघडलं, उदबत्ती लावली, आणि सुषमाचा फोन. तुझी बायको कधी ऑफिसच्या फोनवर करत नाही, म्हणून मी हसतच उचलला. बुटाची नाडी बांधायला वाकलास आणि उठलाच नाहीस. एक पाय बुटात, एक बाहेर. आबा, तू निघालास असं समजून, तुझ्याकडे पाठ करून त्यांच्या पडद्यासमोर बसले होते. तू ऑफिसात पोचलास की 'पोचलो' येतं, त्याची वाट बघत. तू त्यांच्या पाठीमागेच कोसळलास तो आवाज त्यांना ऐकूच आला नाही. मोरीतून सुषमा धावत आली तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली. हे सांगायला लागली तेव्हा मी तिला म्हणाले, "बस, पुढे नको सांगूस."

चाळिशी नुकती ओलांडलेला माणूस. बीपी नाही, शुगर नाही. दादर स्टेशनचा पूल माझ्या आधी चढून वर उभा राहून "या आजी, या" म्हणणारा. असा कसा जातो? मी डॉक्टरांनाही हेच विचारलं. ते म्हणाले, असं होतं. असं होतं म्हणजे काय? आपल्या प्रोग्रॅममध्ये असं झालं असतं तर तू मला सोडलं असतंस का?

आणि माझी जीभ! इतकी वर्षं मी तुला उठता-बसता 'मेल्या' म्हणत आले. मेल्या, चहा सांग. मेल्या, कोडमध्ये दोन ओळी माणसाला कळतील अशा लिही. परवा तो पडदा पेटला तेव्हाही तोंडून तेच निघालं, आणि अर्ध्यात जीभ अडकली. आता तुला काय म्हणू तेही मला कळत नाही. दिगंबर म्हणू? दिगंबर तर मी तुला क्लायंटसमोरसुद्धा म्हटलं नाही.

आबांचे कान साचेखात्याने नेले. गिरणीत जिथे कापड विणायचे माग रांगेने धडधडत असतात ते साचेखातं, तिथे त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथे आवाज काढून काही फायदा नाही, म्हणून माणसं नुसती ओठांनी बोलायची. मग संप झाला, गिरणी गेली, धडधड गेली, कान मात्र परत आले नाहीत. मी पहिल्यांदा तुमच्या खोलीवर आले तेव्हा तू आणि आबा कडाडून भांडत होतात, आणि खोली चिडीचूप. नुसते ओठ आणि हातवारे. शेजारणीला पत्ता नाही. आमच्या गिरगावात भांडण झालं तर ते वरच्या मजल्यापर्यंत पोचलंच पाहिजे, नाहीतर झालं कशाला! मी घाबरून सुषमाला विचारलं, "काय चाललंय काय?" ती भाजी निवडत म्हणाली, "काही नाही, पंख्यावरून चाललंय."

समोर असलास तर ओठ. पण तू दिवसभर दादरला, आणि फोन त्यांच्या काय कामाचा? म्हणून तू ऑफिसचं जुनं मशीन घरी नेलंस आणि हा प्रोग्रॅम लिहायला घेतलास. तू इथून लिहायचं, त्यांना तिथे मोठ्या अक्षरांत दिसायचं. त्यांना टायपिंग नको म्हणून तीन बटणं. 'जेवण झालं का?', 'मी बरा आहे', आणि 'घरी ये'. घरच्या मशीनवर विंडोज, तुझ्याकडे लिनक्स, माझं मॅक, पण आपलं टूलकिट, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायचं तयार सामान, असं की एकदा लिहिलं की तिन्हीकडे चालतं. मी म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे. कसले दोन दिवस नि काय! टूलकिटला स्वतःच्या सवयी असतात. कुठे काही खटकलं की ते टुंग असा आवाज करणार. तू म्हणालास, "टुंग घेऊन आबा काय करतील?" आणि टुंगच्या जागी अख्खा पडदा नारिंगी केलास. मी तेव्हाच म्हटलं होतं, जरा सौम्य रंग घे, माणूस दचकेल. दचकलेच ना मी.

मग ते बटणांचं प्रकरण. आबा बटण दाबायचे आणि ढिम्म काही व्हायचं नाही. तू रविवार घालवलास कोड तपासण्यात. शेवटी त्यांच्या शेजारी बसून बघितलंस तेव्हा कळलं की आबा माउस दाबतात आणि सोडतच नाहीत. मागाचं हँडल ओढलं की आडवा धागा नेणारा धोटा नीट धावायला लागलेला डोळ्यांनी दिसेपर्यंत हात काढायचा नाही, ही त्यांच्या हाताची सवय. आणि टूलकिटचं बटण हात सोडल्याशिवाय काम करत नाही. आबा म्हणतात, आधी तू चाल मग मी सोडतो, आणि बटण म्हणतं, आधी तू सोड मग मी चालतो. दोघं एकमेकांकडे बघत बसलेले! हे मला सांगताना तू हसून हसून टेबलावर आडवा झाला होतास.

मी म्हटलं, "मग शिकव ना त्यांना. दाबा आणि सोडा. दोन शब्द आहेत."

तू म्हणालास, "त्यांचा हात आता कुठे शिकणार? आपलंच बटण शिकेल."

आणि तू टूलकिटच्या मूळ अ‍ॅप्लिकेशनवरून तुझं स्वतःचं बेतलंस. कळ दाबली, माउस हलला, जे काही घडेल ते आधी तुझ्याकडे येणार, तू बघणार, आणि मग पुढे सोडणार. त्याला तू नाकाबंदी म्हणायचास. बटण दाबताक्षणी चालायला लागलं. कळ दाबून धरली की अक्षरांची रांग लागायची तीही तू अडवलीस. त्या दिवसानंतर आपल्याकडून बाहेर जाणारा प्रत्येक प्रोग्रॅम तू आधी आबांसारखा वापरून बघायचास. पंजाने दाबायचं, दाबून धरायचं, भलतीकडेच दाबायचं. मला वैताग यायचा. पण मासळीवाल्यांकडे बायका ओल्या हातांनी कळा दाबायला लागल्या, एकेक कळ दोनदा लागायला लागली, तेव्हा तुझी नाकाबंदी तिथे तयारच होती. त्यांना वाटलं आम्ही फार मोठे लोक आहोत. त्यांनी आपल्याला पापलेटं पाठवली, आणि मी खात नाही म्हणून दोघांची तू एकट्याने नेलीस. निर्लज्जपणे.

पण फुलीवरून आपलं जे वाजलं ते काही मिटलं नाही. खिडकीच्या कोपऱ्यातली ती फुली, जी दाबली की प्रोग्रॅम बंद होतो. पहिल्याच आठवड्यात आबांच्या हातून ती दाबली गेली. पडद्यावरून सगळं गायब. एक वाजला, दीड वाजला, आबांचं काही येईना. तू टॅक्सी करून घोडपदेवला धावलास. आबा अंधारलेल्या चेहऱ्याने कॉटवर हात जोडून बसलेले. "माज्या हातान मशीन मोडला," म्हणाले. सकाळपासून कुणाला सांगितलं नव्हतं, सुषमालासुद्धा. तू परत आलास आणि थेट बसून फुली मारून टाकलीस. म्हणजे दिसायला ती आहे, पण दाबली तरी काही होत नाही. तुझी नाकाबंदी तिला अडवते.

मी भडकले होते. "वापरणारा बंद म्हणतो तर बंद झालंच पाहिजे. त्याच्या मनाविरुद्ध चालू राहणारा प्रोग्रॅम म्हणजे दादागिरी आहे. फार तर विचार त्यांना, बंद करायचं का, हो किंवा नाही."

"विचारून काय डोंबल होणार? आबा कशालाही हो म्हणतात. ऐकू येत नाही म्हणून हो म्हणायची सवय लागलीय त्यांना."

"वाचता येतं ना पण?"

"मीने, तू ह्यात नको पडूस. आमच्याकडे बंद हे प्रकरण वेगळं आहे." आणि मग तू ते सांगितलंस, जे त्याआधी कधी सांगितलं नव्हतंस. संप मिटला असं कुणी आबांना येऊन सांगितलंच नाही. संप मागे घेतलाय, गिरणी बंद झाली, तुम्ही घरी जा, असं कधी कुणी म्हटलंच नाही. तू शाळेत होतास, आणि आबा रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून, फाटकापर्यंत जाऊन यायचे. चालू असेल तर असावं म्हणून. कधी जायचे थांबले तेही तुला आठवत नव्हतं. "पुन्हा एकदा त्यांच्यासमोर काहीतरी बंद पडलेलं मला बघायचं नाहीये," म्हणालास. पण माझं मत बदललं नव्हतं. अजूनही बदललेलं नाही, सांगून ठेवते. विचारायला हवं होतं. तू असतास तर आजही मी तुझ्याशी ह्यावरून भांडले असते, आणि तू असतास तर हे भांडण कशाला उरलं असतं म्हणा.

परवा मी कळ दाबून पडदा साफ केला, पण मशीन बंद करायचा धीर झाला नाही. काल परत एक वाजता पडदा पेटला. "जेवण झालं का?" मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी सुषमाचा फोन. आवाज इतका बसलेला की मला ओळखू येईना. म्हणाली, "मीना, तू येऊन तेवढा तो प्रोग्रॅम बंद करून दे गं. आबा त्याच्यासमोरून उठत नाहीत. कुणाशी बोलत नाहीत, रडत नाहीत. एक वाजला की बटण दाबतात आणि बघत बसतात. मी प्लग काढायला गेले तर माझा हात धरला. त्यांना वेड लागेल अशाने. फुली दाबून तर तो बंद होत नाही." मी म्हटलं, येते.

रात्रभर विचार करायचं कारण नव्हतं, काम सोपं होतं. तुझा कोड मला माहीत आहे. दोन ओळी काढायच्या, फुली परत जिवंत करायची, आणि दाबायची. इतकी वर्षं मी हेच म्हणत होते. पण बंद केलं आणि आबांचं खरंच काही बिनसलं तर? आणि चालू ठेवलं तर ते रोज एका मेलेल्या मुलाला जेवण झालं का विचारत बसणार. कुणाला विचारू? असल्या प्रश्नाला विचारायला मला एकच माणूस होता.

आणखी एक सांगते, ते कुणाला सांगता येत नाही म्हणून. तुझ्याकडे लोक येतात, सुषमाच्या हाताला धरून बसतात, आबांच्या पाया पडतात. माझ्याकडे कोण येणार? मी कोण? ऑफिसातली. आपण लोकांना पार्टनर म्हणून सांगायचो, तो शब्द बिझनेस कार्डावर ठीक दिसतो. स्मशानात मी बायकांच्या मागे उभी होते, तेव्हा कुणीतरी विचारलं, ह्या कोण? घरी नवरा म्हणाला, थोडे दिवस ऑफिसला जाऊ नकोस. समजुतीने म्हणाला, चांगला आहे तो. पण घरी बसून काय करू? तुझ्या खुर्चीसमोर बसलं की निदान राग तरी येतो. तू माझा सगळ्यात जवळचा मित्र होतास, दिग्या. हे मी तुला तोंडाने एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, "काय काम आहे ते बोल."

आज दुपारी गेले घोडपदेवला. दाराशी चपलांचा ढीग, आत तुझ्या फोटोला हार. तो फोटो कुणी निवडला रे? ओळखूच येत नाहीस, भांग पाडलेला आहे. मालवणहून तुझी आत्या आली आहे, तिने मला कोपऱ्यात चटई दिली. आबा पडद्यासमोर पाठमोरे. मी स्टूल ओढून त्यांच्या आणि पडद्याच्या मधे बसले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसावं. सुषमा दारात उभी राहून खुणेने सांगत होती, कर, करून टाक. माउस माझ्या हातात होता. आणि मला तुझा इतका राग आला की म्हटलं, नाही, निदान मी तरी विचारून करीन.

"आबा, हे बंद करू?" मी आवाज न काढता ओठ हलवले.

आबा मोठ्याने म्हणाले, "कित्याक?" कशाला, म्हणून. आपला आवाज केवढा ते त्यांना कळत नाही, सगळी खोली वळून बघायला लागली.

"दिगू..." मी म्हणाले, आणि माझे ओठ थरथरायला लागले. थरथरणारे ओठ त्यांना वाचता येत नाहीत. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि मान हलवली, परत बोल म्हणून. मी परत म्हणाले. "दिगू तिथे नाही, आबा. तो आता उत्तर देणार नाही."

"तां माका म्हायत नाय? मियां खांदो दिलंय त्येका." आबा माझ्याकडे बघत होते, एकदम नीट, शुद्धीत. "मी येडो नाय जालंय गो."

"मग विचारता कुणाला?"

"तुका."

मला कळलंच नाही. मी तशीच बघत राहिले. तेव्हा ते मला समजावून सांगायला लागले, लहान पोरीला सांगावं तसं. "हय सुषमाक इचारूक धा माणसां आसत. थंय तू एकटीच बसतंस. तुका कोण इचारतलो? दोन दिस इचारतंय, तू जाप देणंस नाय, काय उत्तर नाय. माका वाटला, हिकाय कायतरी जाला." आणि मग बटण नाही, काही नाही, तोंडाने विचारलं, "जेवलंस काय?"

सुषमा दारातल्या दारात खाली बसली. मी मान हलवली, नाही म्हणून. खरंच नव्हते जेवले रे. तू गेल्यापासून माझा दुपारचा डबा न उघडता घरी परत जातोय, आणि हे माझ्या घरीही कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी माउसवरचा हात काढून घेतला.

आबांनी आत्याला हाक मारली, "हिका वाढ."

आत्या चाचरली. "सुतक आसा मां, भाऊ. सुतकाच्या घरात भायल्यांनी जेवूचा नसता." तिचं चूक नाही. आमच्या गिरगावातही सुतकात बाहेरचे पाणीसुद्धा पीत नाहीत.

आबांनी तिचे ओठ वाचले. "ह्यां भायलां नाय," म्हणाले, आणि परत पडद्याकडे वळले.

आत्याने पान मांडलं. भात आणि बिनफोडणीची डाळ. सुषमा माझ्याजवळ येऊन बसली. मी जेवले, दिग्या. तुझ्या घरी, तुझ्या सुतकात बसून जेवले, आणि परत भात मागून घेतला.